पाणकराचा शब्द

सन वीसच्या कोरड्या साली कुणाच्या बांधीत किती पाणी गेलं, ते केवळरामाला तोंडपाठ होतं. सकाळी पेज प्यालो की नाही, हे मात्र बायकोला विचारावं लागे. ती बायको म्हणजे माझी थोरली बहीण रुख्मा, आणि केवळराम माझा भाटवा. मी गावच्या शाळेचा मास्तर, खुशाल मास्तर. विसराळू माणसांचा मला मनस्वी राग. पाढा विसरणाऱ्याला मी अंगठे धरून उभं करत असे, आणि खरं सांगायचं तर भाटव्यालाही एखाद्या दिवशी अंगठे धरायला लावावेत, असं माझ्या मनात कितीदा तरी येऊन गेलं होतं.

आमचं गाव गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या अलीकडे, धानाचं. गावाच्या डोक्यावर तलाव, तलावाच्या पोटात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या. त्यांना आम्ही तुडूम म्हणतो. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकात लाकडी दट्ट्या. पाणी जसजसं खाली उतरेल तसतसा खालच्या पायरीचा दट्ट्या काढायचा, की पाणी पारेखालून, म्हणजे तलावाच्या बांधाखालून, पाटात येतं. पाटातून कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी, कुणाच्या नंतर, किती वेळ, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. केवळरामाचा बाप बकाराम पाणकर होता, त्याच्यामागे केवळराम.

या कामाला कागद नाही. पाणकर रोज उजाडताना पारेवर उभा राहून हाक देतो, काल कुणाची पाळी झाली, आज कुणाची. गाव ऐकतं. कुणी तंटा केलाच, तर पाणकराने तुडुमाजवळ गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, ओंजळीत तलावाचं पाणी घ्यायचं आणि सांगायचं. मग कुणी ब्र काढत नाही. पाणकर स्वतःच म्हणाला की मी चुकलो, तर ज्याची पाळी हुकली त्याला गुराढोरांसाठी राखलेल्या तळच्या पाण्यातून भरपाई मिळते. पण बकारामाच्या काळापासून कुठला पाणकर चुकलो म्हणाला नव्हता. चुकलेला पाणकर पाणकर राहत नाही.

केवळरामाला आजार लागला तो एकोणतिसाव्या वर्षी. हिवतापात आठ दिवस बेशुद्ध होता, त्यातून उठला, आणि दोन महिन्यांनी आंगणात धाडकन पडला. हातपाय झाडले, तोंडाला फेस आला. गावाने जे करायचं ते सगळं केलं: कांदा हुंगवला, चामडं हुंगवलं, भगताकडे नेलं. असे मोठे झटके वर्षातून चारपाच. त्यांची गावाला सवय झाली. पण लहान झटके वेगळे होते, आणि ते कुणाच्या ध्यानातच येत नसत. चालता चालता तो थांबे. जळक्या मोहफुलांचा वास आला असं पुटपुटे. मग नजर कुठेतरी लागून राही, ओठ चाटल्यासारखे हलत, बोटं धोतराचा सोगा चाचपत राहत. दोन मिनिटं. त्यानंतरही बराच वेळ हात आपले काम करत राहत आणि धनी घरी नसे. एकदा तशातच त्याने बैल जुंपून गाडी भलत्याच्या खळ्यावर नेली होती. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "मले इथी कोन आनलन?" लोक हसले. मीही हसलो.

रुख्माबाईच्या हट्टाने मी त्याला एकदा गाडीत घालून गोंदियाच्या डॉक्टरकडे नेलं. म्हातारा डॉक्टर शांतपणे ऐकून घेणारा होता. म्हणाला, "मिरगी है. दौरा दो मिनट का होता है, लेकिन दिमाग बाद में भी थका रहता है. नई बात टिकती नहीं, पुरानी जाती नहीं. इसमें इसका कसूर नहीं है, मास्टरजी." शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून म्हटलं. माझ्या तोंडावरच काही लिहिलेलं असावं. एक खारट औषध दिलं आणि पाणी, विस्तव, झाड यांपासून लांब ठेवा म्हणून बजावलं. पाणकराला पाण्यापासून लांब ठेवा!

औषधाने मोठे झटके कमी झाले, पण माणूस जड झाला. शब्द सापडेनात. सब्बल मागायची तर हातानेच दाखवी, "ते, ते लोखंडाचा, जमिनीत खुपसाचा." काही विचारलं की उत्तर यायला इतका वेळ लागे की मी तोवर चिडलेलो असे. औषध सोडलं की डोकं उजळे आणि झटका येऊन अंग पडे. घेतलं तर हे, सोडलं तर ते. आठ दिवस घेई, चार दिवस सोडी.

आणि मग ते साल आलं, अडतीसचं. हत्ती नक्षत्राने तोंड फिरवलं. धान निसवायला आलेलं आणि आभाळ कोरडं ठणठणीत. तलावात होतं तेवढंच पाणी, प्रत्येकाला एकच पाळी. ज्याची हुकली त्याचं वर्ष गेलं.

त्या पंधरा दिवसांत केवळरामाचा पाय घरात ठरला नाही. दट्ट्या लावून घरी यायचा, खाटेवर बसायचा, लगेच उठायचा.

"मी दट्ट्या लावलो का वो?"

"लावलात ना. आताच त सांगतलात," रुख्माबाई म्हणायची.

"कोनाले सांगतलो?"

"मलेच."

तो बसायचा. पुन्हा उठायचा. पारेवर जाऊन हाताने दट्ट्या चाचपून यायचा, आणि अर्ध्या वाटेत पुन्हा शंका, पुन्हा मागे. एका दुपारी मी शाळेच्या ओसरीतून मोजलं, पाच खेपा. ताटात भात वाळून जाई. त्याची ती येरझार बघून माझंच डोकं फिरायचं. एकदा मी ओरडलो, "भाऊजी, एका जागी बसा की हो!" तो म्हणाला, "बसलो त डोक्यात काहीतरी सुटून चाल्लाय असा वाटते, मास्तर. कायचा ते समजत नाही." मी त्याला म्हटलं, रोजची पाळी मी लिहून ठेवतो. त्याने मान हलवली. पाणकराने कागद बघून हाक दिली तर गाव म्हणेल, मग पाणकर कशाला, कागदच बसवा पारेवर. मला राग आला, पण गाव तसंच म्हणालं असतं.

सहाव्या दिवशी सावित्रीबाई दुधराम पाटलाच्या दारात आली. ती मनिरामाची विधवा. मनिराम मागच्या चैतात साप चावून गेला. दीड एकराच्या तीन बांध्या आणि दोन लेकरं ठेवून गेला. तो केवळरामाचा जिवाचा मित्र, दोघं एकाच दिवशी नांगराला लागले होते.

"पाटील, माह्या बांध्या कोरड्या हायेत," ती म्हणाली. "केवळरामभाऊनं परवा हाक देलन का सावित्रीची पारी झाली. पन पानी आलाच नाही. मातीले भेगा पडून रायल्या."

पाटील स्वतः बघून आला. भेगा होत्या. शेजारच्या बिसरामाच्या बांध्या मात्र काठोकाठ भरलेल्या. बिसराम म्हणाला, त्याची पाळी रीतसर झाली होती. नंतर पुन्हा पाणी आलं तर तो काय पाण्याला नको म्हणणार? पाणकरच पाटाचं तोंड त्याच्याकडे फोडून गेला, तो काही बोलला नाही, झालं. बिसराम लबाड नव्हता. गप्प बसला होता, एवढंच.

केवळरामाला विचारलं तर तो एकदम ठाम. "मी देलो. सावित्रीवयनीच्या तिन्ही बांध्या भरून देलो. मले साफ आठवते." आणि गंमत म्हणजे पहिल्यांदाच तो अडखळत नव्हता, शब्द शोधत नव्हता. पाटील म्हणाला, मग परवा तुडुमावर ओंजळ घे. सावित्रीबाईने कपाळाला हात लावला. ओंजळ घेतली की तिची पाळी झाली म्हणून कायम होणार होतं, आणि त्या बांध्यांत जे उभं होतं ते जनावरांपुढे टाकायच्या लायकीचं उरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे शाळेत आला. मुलं यायची होती. ओसरीच्या खांबाला धरून तो उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसेना.

"मास्तर, मले खोटा समजून रायले का लोकं?"

"तुम्हाला आठवतंय ना? मग झालं."

"आठवते ना. असा डोयासमोर हाये. ऊन कलला होता. मी पाट फोडलो, पानी पयल्या बांधीत गेला. मनिराम धुऱ्यावर उभा होता, खांद्यावर फावडा. मले तमाकू देलन. म्हनला, यंदा धान चांगला हाये, केवळ्या."

माझ्या हातातला खडू खाली पडला. तो जे सांगत होता ते खरं होतं, अक्षरन् अक्षर खरं होतं, पण मागच्या वर्षीचं. यंदाच्या त्या दिवसाच्या जागी त्याच्या डोक्यात मोकळं भगदाड होतं, आणि त्यात मागचं वर्ष येऊन बसलं होतं. मनिराम मेला हेही त्याला त्या घडीला ठाऊक नव्हतं. मनिरामाच्या मयतीच्या दिवशी, सरण विझतं न विझतं तोच, त्याला मोठा झटका आला होता. तो दिवस त्याच्या हाती कधी नीट लागलाच नाही. कितीदा सांगितलं, कितीदा निसटलं.

आता मी काय केलं ते सांगतो. सांगायला आवडत नाही. मी मनात हिशेब मांडला: पाणकी गेली तर रुख्माबाईचं काय? तिच्या नवऱ्याला गावात मान होता तो एवढ्या एका कामाचा. ते गेलं की तो फेफऱ्या केवळराम, पोरांनी मागून खडे मारावेत असा. आणि सावित्रीबाई? ती माझी कोण होती? मी खडू उचलला आणि म्हणालो, "भाऊजी, उद्या एवढंच सांगा की पाणी दिलं. कोण उभं होतं, कोण काय बोललं, ते काही सांगू नका. मनिरामाचं नावच काढू नका."

"काऊन?"

"कमी बोललेलं बरं असतं."

त्याने मान डोलावली. मास्तर सांगतो ते बरोबरच असणार, असा त्याचा माझ्यावर भाबडा विश्वास होता. मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, पाढ्यासारखं. तो दिवसभर ते वाक्य पुटपुटत पारेवर फिरत होता.

तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत गाव पारेवर जमलं. दुधराम पाटील दगडावर बसला. सावित्रीबाई बायकांच्या पुढे, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. केवळराम तुडुमाच्या पायरीवरून गुडघाभर पाण्यात उतरला. रुख्माबाई लाज न धरता त्याच्या मागे उतरली आणि त्याच्या कमरेचा करदोरा मुठीत धरून उभी राहिली. कुणी हसलं नाही.

त्याने ओंजळ भरली. पाटलाने विचारलं, "केवळराम, सावित्रीच्या बांधीले पानी देलास का नाही?"

"देलो," केवळराम म्हणाला.

तेवढ्यावर थांबला असता तर संपलं होतं. पण त्याची नजर समोरच्या तोंडांवरून फिरली. त्यांच्यावरची शंका त्याला दिसली असावी. माझी शिकवण, तीनदा घोकलेली, तो साफ विसरला होता.

"माह्यावर भरोसा नसन त मनिरामाले इचारा ना," तो म्हणाला. "तो होता धुऱ्यावर. कोठी हाये मनिराम? आला नाही का?"

पाटलाने खाली बघितलं. मी मान फिरवली. शेवटी बोलली ती सावित्रीबाई. तिचा आवाज चढलेला नव्हता. त्या बाईला रागवायचा पुरेपूर हक्क होता, पण ती रागवली नाही.

"ते नाहीत आता, केवळरामभाऊ. चैतात गेले. तुमीच खांदा देलात ना त्याहिले. पयला खांदा तुमचा होता."

केवळराम तिच्याकडे बघत राहिला. तिच्या मोकळ्या कपाळाकडे, मोकळ्या हातांकडे. ती बातमी त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळली. त्याचं तोंड इतकं वाकडं झालं की मला वाटलं झटका आला. रुख्माबाईने करदोरा आणखी घट्ट धरला. पण तो झटका नव्हता. तो रडत होता, ओंजळ तशीच धरून, डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

मग तो हळूहळू, एकेक शब्द शोधत बोलला. "मनिराम नाही... मंग मी जे पायतो ते यंदाचा नाही." पुन्हा थांबला. "मंग यंदा मी काय केलो, मले मालूम नाही, पाटील." त्याने ओंजळ उघडली, पाणी तलावात सोडून दिलं. "माहा शबुद धरू नोका. पानकर चुकला. तिले पानी द्या."

त्या दिवशीच्या केवळरामाइतका मोठा माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्या दिवसाइतका लहान मी कधी झालो नाही.

तळच्या पायरीचा दट्ट्या अठरा वर्षांत कुणी काढलेला नव्हता, वर हातभर गाळ. कुठे आहे तेच कुणाला सांगता येईना. केवळरामाने काठावर बसून सांगितलं: तिसऱ्या पायरीच्या डाव्या कोपऱ्यापासून दोन हात, दगडाला खाच आहे, तिथे सब्बल लावा, वर नका ओढू, आधी उजवीकडे फिरवा. सन वीस त्याच्याजवळ जसंच्या तसं होतं. टेकचंद नावाचा धडधाकट गडी आत उतरला आणि तिसऱ्या प्रयत्नात दट्ट्या निघाला. संध्याकाळपर्यंत सावित्रीबाईच्या तिन्ही बांध्या ओल्या झाल्या. तिचं धान निसवलं. पाटलाने पाणकी टेकचंदाला दिली.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुटलो असतो. पण केवळरामाच्या आजाराला गोष्ट संपवता येत नाही. झटका येऊन गेला की दुसऱ्या दिवशी उजाडताना तो पारेवर हजर. टेकचंद हाक द्यायला उभा, आणि हा त्याच्यावर धावून जातो. "कोन तू? माही हाक तू काऊन देऊन रायला?" मग कुणीतरी मला बोलवायला येतं. पहिल्या काही वेळा मी त्याला थोडक्यात गुंडाळून सांगत असे: तुमची तब्येत बरी नाही, तुम्ही काम सोडलं. तो ऐकत नसे. सोडलो म्हणजे काय, तुम्ही सगळ्यांनी मिळून काढलं मला! दिवसभर पारेवर वर-खाली, वर-खाली, तोंडाने शिव्या. एकदा तर सब्बल घेऊन थेट पाण्यात शिरला. टेकचंदाने आणि मी ओढून काढला. चिखलात बसून तो मला म्हणाला, "खरा सांग मास्तर. माहा काय गुना झाला?"

मग मी सगळं सांगितलं. सावित्रीबाईच्या भेगा, बिसरामाच्या भरलेल्या बांध्या, मनिराम, ओंजळ. आणि शाळेची ओसरीही. मी त्याला काय घोकायला लावलं होतं, तेही.

तो सगळं ऐकून घेतो. आधी मनिरामासाठी रडतो. मग विचारतो, "तिले पानी भेटला का?" मी म्हणतो, भेटलं. "मंग बराबर झाला," असं म्हणून तो उठतो, टेकचंदाच्या पाठीवर हात ठेवतो आणि त्याला हाक द्यायला सांगतो. दिवसभर मग शांत असतो.

आज सात वर्षं झाली. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा मला पारेवर जावं लागतं. मी पूर्वीसारखा चिडत नाही, निदान वाटेत तरी नाही. गोष्ट आता मला पाठ झाली आहे. माझा भाग गाळता आला असता. तो गाळलेला केवळरामाला कळणारही नाही. एकदा गाळून पाहिला, तर त्या दिवशी तो शांत झालाच नाही, सारखं विचारत राहिला, आणखी काय झालं, काहीतरी सुटलं आहे. म्हणून सगळं सांगतो. माझ्या वाक्यापाशी आलो की तो रडायचा थांबतो.

"तू? तू मले असा सांगतलास, मास्तर?"

"हो, भाऊजी. मी."

तो माझ्याकडे बघत राहतो, आजच पहिल्यांदा कळल्यासारखा, कारण त्याला ते खरोखरच आज पहिल्यांदा कळलेलं असतं. मी पाटाकडे बघत उभा राहतो.